धागा : ट्रॅक्टरची चावी नेमकी कोणासाठी होती?

ट्रॅक्टरची चावी हरवली की घरात पहिली चर्चा चोराची होते. चावी कोणाच्या हाती लागली असेल, स्विच बदलावा की तसाच ठेवावा, रात्री ट्रॅक्टर कुठे उभा करावा. कुलूप आणि चावी म्हटले की मनात चोर येतो, हे स्वाभाविक आहे. परंतु लहान ट्रॅक्टरच्या शंभर वर्षांच्या इतिहासात चोर हे पात्र फार उशिरा येते. त्याआधी त्या चावीचा संबंध एका वेगळ्याच माणसाशी होता : ट्रॅक्टर चालवणाऱ्याशी. त्याचा हात, त्याचा पाय आणि प्रसंगी त्याचा जीव या इतिहासात गुंतलेला आहे.

सुरुवात १९१७ पासून करू.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे धान्य आणणारी जहाजे बुडवत होत्या. शेतात माणसे उरली नव्हती आणि घोडे आघाडीवर गेले होते. अशा वेळी ब्रिटिश सरकारने हेन्री फोर्डकडे सहा हजार ट्रॅक्टरांची मागणी नोंदवली आणि १९१७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील डिअरबॉर्न येथे ‘फोर्डसन’चे उत्पादन सुरू झाले. पाच वर्षांत त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आली. सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आलेला हा पहिलाच मोठ्या संख्येने खपलेला ट्रॅक्टर. त्याला चावी नव्हती. चावी लावावी अशी बॅटरीही नव्हती.

तो चालू होत असे तो समोरच्या हँडलने. इंजिनाच्या पुढच्या टोकाला हँडल अडकवायचे, ठिणगीची वेळ मागे घ्यायची आणि झटक्यात हँडल वर ओढायचे. ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून अनुभवी लोक अंगठा दांड्याभोवती गुंडाळत नसत, तो बोटांच्याच बाजूला ठेवत. झटका आला तर हँडल हातातून सुटावे, हात अडकू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. आपल्याकडे जुन्या डिझेल इंजिनांना हँडल मारलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

मग इंजिन थांबवायचे कसे? हा प्रश्न कंटाळवाणा वाटेल, पण पुढचा सगळा इतिहास समजण्यासाठी तो महत्त्वाचा आहे.

त्या काळच्या बहुतेक ट्रॅक्टरांत ठिणगी मॅग्नेटोपासून मिळत असे. मॅग्नेटो म्हणजे फिरते लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी. इंजिन फिरते आहे तोवर तो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बाहेरून काही द्यावे लागत नाही. त्यामुळे इंजिन बंद करायचे असेल तर वीज ‘तोडून’ भागत नाही, ती जमिनीकडे, म्हणजे ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाकडे वळवावी लागते. मॅग्नेटोच्या ट्रॅक्टरवरचा स्विच नेमके हेच करतो. बंद स्थितीत तो वाट जोडतो, चालू स्थितीत ती मोकळी करतो. घरातल्या दिव्याच्या बटणाच्या बरोबर उलट!

यातून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. असा स्विच झिजला, त्याची वायर तुटली किंवा तो समूळ उपटून फेकला, तरी इंजिन चालू होते. नुसते चालूच होत नाही, तर थांबायचे नाव घेत नाही. याचा अर्थ मॅग्नेटोच्या काळातील स्विच कोणालाही ट्रॅक्टर सुरू करण्यापासून रोखण्यासाठी नव्हताच. तो इंजिनाला थांबवण्यासाठी होता. अनेक ट्रॅक्टरांवर तर चावीऐवजी साधी ओढायची मूठ असे.

याच काळात जर्मनीत एक निराळा प्रकार रुजला. मानहाइमच्या लान्झ कंपनीने १९२१ मध्ये फ्रिट्झ हूबर या अभियंत्याने रचलेला ‘बुलडॉग’ बाजारात आणला. एकाच सिलिंडरचे इंजिन, आणि त्याचे डोके ब्लो-लॅम्पने तापवून लाल करायचे. ठिणगीची भानगडच नाही. पुढच्या अनेक बुलडॉगांत चालक स्टिअरिंगचे चाक दांड्यासकट उपसून काढी, ते बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसून इंजिन हिसडून चालू करी आणि चाक पुन्हा जागेवर बसवी. रात्री ते चाक घरात नेऊन ठेवले, तर ट्रॅक्टर चालू करता येणार नाही आणि वळवताही येणार नाही. इतकी मोठी चावी हरवण्याची शक्यताही कमीच.

आता मोटारगाड्यांकडे थोडे वळू, कारण चावी ट्रॅक्टरवर आली ती त्याच वाटेने.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला आणि हँडल मारण्याचा त्रास हळूहळू संपू लागला. १९१९ पासून फोर्डच्या मॉडेल टी गाडीलाही स्टार्टर मिळू लागला, आणि त्यासोबत चावीचा स्विच. पण त्या चाव्यांचे वेगवेगळे नमुने किती होते? फक्त चोवीस. त्यांना ५१ ते ७४ असे क्रमांक होते. लाखो गाड्या आणि चोवीस चाव्या. खिशात चोवीस चाव्यांचा जुडगा बाळगणाऱ्याला रस्त्यावरची कोणतीही फोर्ड चालू करता आली असती.

याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. पण विक्रेत्याच्या बाजूने विचार केला तर त्यात शहाणपण दिसते. आडगावच्या शेतकऱ्याची चावी हरवली, तर त्याने क्रमांक सांगावा आणि दुकानदाराने चोवीसांतली एक काढून द्यावी. लिनस येल याने १८६१ आणि १८६५ मध्ये पेटंट घेतलेले पिन-टम्बलर कुलूप तोवर अर्धशतक जुने झाले होते. चांगले कुलूप बनवता येत नव्हते अशी स्थिती नव्हती. चावी हरवण्याचा तोटा चोरीच्या तोट्यापेक्षा मोठा मानला गेला, एवढाच त्याचा अर्थ. ट्रॅक्टरच्या जगात हाच हिशेब पुढे कित्येक दशके टिकला.

२९ जून १९३९ रोजी डिअरबॉर्न येथे फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांच्या भागीदारीतला ‘९एन’ हा लहान ट्रॅक्टर लोकांसमोर आला. आदल्या वर्षी दोघांनी लेखी कराराशिवाय, केवळ हातात हात देऊन हा व्यवहार ठरवला होता. (त्या हस्तांदोलनाचे पुढे कोर्टात काय झाले, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) ९एनवर बॅटरी, डायनामो आणि विजेचा स्टार्टर हे सारे आधीपासूनच बसवलेले होते. ठिणगीसाठी बॅटरीची वीज वापरली जाई. म्हणजे मॅग्नेटोच्या नेमके उलट : आता स्विच बंद असेल तर ठिणगी नाही. चावीला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ‘चालू करण्याचा’ अधिकार मिळाला.

तोही फार काळ नाही. युद्धामुळे तांबे, रबर आणि बॅटऱ्या दुर्मीळ झाल्या आणि १९४२ मध्ये आलेल्या ‘२एन’चे अनेक ट्रॅक्टर लोखंडी चाके, मॅग्नेटो आणि हँडल घेऊनच कारखान्याबाहेर पडले.

या ट्रॅक्टरांवर चावी आणि स्टार्टर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे इथे ध्यानात ठेवावे. चावी फिरवल्याने ठिणगीला वीज मिळे. इंजिन फिरवण्याचे काम दुसरीकडे होते आणि ते कुठे ठेवावे, यावर फर्ग्युसनच्या अभियंत्यांनी फार सुंदर विचार केला होता.

हँडलच्या काळात एक मोठा धोका असा की, ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिलेला असेल तर इंजिन सुरू होताच तो समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येई. विजेच्या स्टार्टरने माणूस समोरून हटला, पण गिअरचा धोका तसाच होता. १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनू लागलेल्या फर्ग्युसन ‘टीई २०’ मध्ये यावर उपाय असा होता की स्टार्टरला वेगळे बटणच ठेवले नाही. गिअरच्या लिव्हरलाच ‘एस’ अशी एक जादा जागा दिली. लिव्हर तिथे नेला की स्टार्टर फिरे. लिव्हर एका वेळी एकाच जागी असू शकतो, त्यामुळे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सुरू होणे अशक्य. अमेरिकेत १९४७ मध्ये आलेल्या फोर्ड ‘८एन’मध्ये बटण गिअर लिव्हरजवळ होते आणि गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय ते दाबलेच जात नसे. पुढच्या मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये हाय-लोचा लिव्हर स्टार्टच्या खुणेवर आणल्यावरच स्टार्टर चाले.

या रचनेचे महत्त्व सहसा दुर्लक्षिले जाते. सुरक्षितता इथे चावीवर, फलकावर किंवा चालकाच्या स्मरणशक्तीवर सोपवलेली नाही. ती लोखंडातच बसवलेली आहे. टीई २० चे पाच लाखांहून अधिक नग तयार झाले आणि ८एनचेही तितकेच. यातून किती माणसे वाचली याची मोजदाद होऊ शकत नाही, कारण न झालेल्या अपघाताची नोंद कुठेच होत नसते.

१९४९ मध्ये क्रायस्लरने मोटारींसाठी एकच चावी फिरवून ठिणगी आणि स्टार्टर दोन्ही चालवणारा स्विच आणला. सोय मोठी होती. पुढच्या दोन दशकांत ट्रॅक्टरांनीही तोच मार्ग धरला. बंद, चालू, आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येणारी स्टार्टची जागा. डिझेलच्या गाड्यांत त्यात आणखी एक भर पडली, ती इंजिन तापवण्याच्या हीटरची. जपानी लहान ट्रॅक्टरांच्या अनेक जुन्या नमुन्यांत चावी डावीकडे फिरवून काही क्षण धरायची, मग उजवीकडे फिरवून सेल्फ मारायचा, अशी पद्धत होती.

एका छोट्या स्विचवर इतकी कामे आल्यावर तो लवकर झिजू लागला, यात नवल नाही.

स्विचची झीज दोन ठिकाणी होते. एक म्हणजे कुलपाचा भाग. ट्रॅक्टरच्या स्वस्त स्विचात येलच्या पिनांऐवजी पितळेच्या पातळ पत्र्या असतात आणि त्या जस्ताच्या ओतीव नळीत सरकतात. धूळ, ट्रॅक्टरचे हादरे आणि चावीला लटकवलेला घराच्या चाव्यांचा जड जुडगा यांनी पत्र्या आणि चावीचे दाते दोन्ही घासले जातात. काही वर्षांनी दुसऱ्याची चावी लागते, मग पत्र्याचा तुकडाही चालतो, आणि चालू इंजिनातून चावी सहज हातात येते. दुसरे ठिकाण मागच्या बाजूचे तांब्याचे कॉन्टॅक्ट. स्टार्टरच्या सोलेनॉइडला ओढ घेताना बराच करंट लागतो. तो दर वेळी याच कॉन्टॅक्टमधून जातो, ठिणग्या उडतात, काजळी धरते. मग चावी फिरवली की नुसता ‘टक’ आवाज येतो, किंवा बांधावरून जाताना इंजिन क्षणभर गचकते. मधे एक रिले टाकला तर जड करंट रिलेमधून जातो आणि स्विचला फक्त इशारा द्यावा लागतो. जुन्या ट्रॅक्टरांवर हा उपाय अनेक मिस्त्री करतात आणि तो योग्य आहे.

पण शेतात, नांगरणीच्या ऐन दिवसांत, चावी हरवल्यावर किंवा स्विच दगावल्यावर बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात काय झाले? स्क्रू ड्रायव्हर निघाला. माणूस मागच्या चाकापुढे जमिनीवर उभा राहिला, स्टार्टरच्या दोन टर्मिनलांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवला, आणि इंजिन फिरू लागले.

इथे इतिहास क्रूर होतो. न्यूट्रलचा संरक्षक स्विच हा चावीच्याच वायरिंगमध्ये जोडलेला असतो. चावीला बगल दिली की त्यालाही बगल मिळते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो सुरू होता होताच पुढे निघतो, आणि त्या वेळी माणूस कुठे उभा असतो? नेमका मागच्या मोठ्या चाकाच्या वाटेवर. अमेरिकन शेतांत अशा मृत्यूंचे प्रमाण इतके झाले की ट्रॅक्टर कंपन्यांनी स्टार्टरच्या टर्मिनलांवर झाकणे बसवली आणि शेजारी इशारा चिकटवला : फक्त आसनावर बसूनच सुरू करा, गिअरमध्ये सुरू केल्यास मृत्यू ओढवतो. जॉन डिअरच्या ट्रॅक्टरांवरची ही पाटी आजही दिसते. फर्ग्युसनने लिव्हरमध्ये घातलेली सुरक्षितता वायरीत आणल्याची ही किंमत होती. ती वायर दहा रुपयांच्या हत्याराने ओलांडता येते.

बागेतल्या लहान ट्रॅक्टरांची कथा याहून थोडी निराळी. अमेरिकेत १९६० च्या दशकारंभी इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ आणि पाठोपाठ १९६३ मध्ये जॉन डिअरचा ‘११०’ आला, आणि शेती न करणाऱ्या घरांतही ट्रॅक्टर शिरला. यांच्या पेट्रोल इंजिनांवर पुष्कळदा पुन्हा मॅग्नेटोच होता. त्यामुळे त्यांच्या स्विचवर पाच टर्मिनल दिसतात : बॅटरी, स्टार्टर, मॅग्नेटो, जमीन आणि दिवे. दिसायला अगदी तसाच, पण बॅटरीच्या ठिणगीसाठी बनवलेला स्विच त्या जागी बसवला तर १२ व्होल्ट उलटे मॅग्नेटोत शिरतात आणि ठिणगीचा संचच जळून जातो. १९१७ चा तो ‘उलटा’ स्विच असा पन्नास वर्षांनंतरही गिऱ्हाइकाला फसवत होता. शाळकरी मुले घरात असल्याने या ट्रॅक्टरांवर आसनाखालीही एक स्विच आला : चालक उठला की इंजिन बंद. चावी काढून ठेवणे इथे चोरापेक्षा मुलांसाठी अधिक गरजेचे होते.

एक मजेदार योगायोग याच संदर्भातला. या छोट्या ट्रॅक्टरांची इंजिने बनवणाऱ्या मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचा दुसरा मोठा धंदा मोटारींची कुलपे आणि चाव्या बनवण्याचा होता. १९९५ मध्ये तो विभाग ‘स्ट्रॅटेक’ या नावाने वेगळा झाला.

भारतात ट्रॅक्टर बनू लागले तोवर डिझेलचे युग आले होते. १९५९ मध्ये फरिदाबादला जर्मन आयशरच्या सहकार्याने पहिला ट्रॅक्टर तयार झाला. पाठोपाठ मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनसोबत ‘टॅफे’ आणि १९६३ मध्ये मुंबईत महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ उभी राहिली. कांदिवलीच्या बी-२७५ ने महाराष्ट्राच्या शेतात जे स्थान मिळवले, ते वेगळे सांगायला नको.

डिझेलमध्ये ठिणगीच नसते, त्यामुळे चावीचा अधिकार पुन्हा घटला. चावी फक्त स्टार्टर फिरवते. इंजिन बंद होते ते डिझेल तोडणारी स्टॉपची मूठ ओढल्यावर. चावी काढून खिशात घातली तरी इंजिन धडधडत राहते. बॅटरी उतरली असेल तर उतारावरून ट्रॅक्टर सोडून क्लच सोडला की काम होते, चावी असो वा नसो. गावाकडे ट्रॅक्टर उतारावरच उभा करण्याची जी जुनी सवय दिसते, तिचे मूळ इथे आहे. चावी हरवल्यावर चावीवाल्याकडे न जाता सुट्या भागांच्या दुकानातून दोन चाव्यांसह नवा स्विचच आणण्याची रीतही यातूनच आली. दाते जुळवत बसण्याइतके त्या कुलपाचे मोल कधीच नव्हते.

आणि आता शेवटी चोर.

मॉडेल टीच्या चोवीस चाव्यांवरून पुढे गेलेले यंत्रांचे जग एका चावीवर आले. कॅटरपिलरच्या बहुसंख्य यंत्रांना एकच चावी लागते. जर्मन बनावटीच्या स्विचांची १४६०३ क्रमांकाची चावी अनेक कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत आणि फोर्कलिफ्टांत चालते. भाड्याने यंत्रे देणारे, सहकारी संस्था, ठेकेदार यांना हे वरदानच होते. पण ट्रॅक्टरची किंमत लाखांत गेली, देशांच्या सीमा ओलांडून जुन्या यंत्रांचा व्यापार वाढला आणि तीच चावी चोरालाही वरदान ठरली. ब्रिटनमध्ये २००७ साली यंत्रांवर गुप्त खुणा करून त्यांची नोंद ठेवणारी ‘सीझर’ योजना सुरू करावी लागली, ती याच पार्श्वभूमीवर.

नव्या ट्रॅक्टरांत चावीत चिप आली, पडद्यावर आकडे टाकायची सोय आली. चोर बाहेर राहिला. पण त्यासोबत कधी कधी मालकही बाहेर राहू लागला. इंजिनाच्या संगणकाने नकार दिला, तर स्क्रू ड्रायव्हर उपयोगाचा नाही आणि गावचा मिस्त्रीही नाही. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत पीक उभेच. अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या ‘दुरुस्तीच्या हक्का’च्या लढ्याचा हा गाभा आहे. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांसाठी असा कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरविरुद्ध याच प्रश्नावर दावा दाखल केला. मनगट वाचवण्यासाठी आलेल्या विजेने चालकाला शेवटी यंत्राच्या मालकीवरच प्रश्न विचारायला लावला.

लहान ट्रॅक्टर मात्र अजून बव्हंशी जुन्याच वळणाचे आहेत. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतून फिरणाऱ्या पंधरा-वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर तीच पितळी पत्र्यांची चावी, तीच स्टॉपची मूठ. आणि अमेरिकेत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी मॉडेल टीच्या चाव्या आजही नव्याने बनतात. मागणी नोंदवताना फक्त क्रमांक सांगायचा असतो, ५१ ते ७४ यांपैकी.